किटलीत दिसणारी बोटं

बँकेतल्या नोकरीची माझी शेवटची बारा वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर गेली. समोर कर्जदार, शेजारी शाखेचे सोनारकाका आणि मध्ये काळा कसोटीचा दगड. काका दागिना हातात घेण्याआधी समोरच्याच्या हातांकडे बघायचे. "मॅडम, तोंड काय, काहीही सांगतं. बोटं बघायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी निवृत्त झाले, दगड सुटला, खोड मात्र राहिली.

मध्यंतरी बॉस्टनला भाच्याकडे गेले होते. तो मला तिथल्या कला संग्रहालयात घेऊन गेला आणि एका चित्रापुढे उभं करून म्हणाला, "मावशी, हा पॉल रिव्हिअर. इंग्रज शिपाई येताहेत म्हणून रात्री घोडा फेकत जाऊन गावं जागी केली ना, तो हा." मी सवयीने आधी बोटं बघितली. म्हटलं, "अरे, हा तर सोनार आहे!"

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. तिकडे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला हा माणूस घोड्यावर बसलेलाच ठाऊक असतो.

चित्र १७६८ सालचं आहे, जॉन सिंगलटन कॉपली या बॉस्टनच्याच चित्रकाराने काढलेलं. कॉपलीपुढे बसायचं तर माणसं ठेवणीतले कपडे घालून बसत. मखमली कोट, केसांचे टोप, बायकांच्या अंगावर सळसळतं रेशीम. त्या सगळ्या थाटामाटात हा तेहतीस वर्षांचा गडी कोट न घालता बसलाय. ढगळ पांढरा शर्ट, जाकिटाची बटणं उघडी. पुढ्यातल्या गुळगुळीत टेबलावर कोरायच्या दोन-तीन सळया आणि चामड्याची उशी, उशीवर टेकवलेली चांदीची चहाची किटली. एक हात हनुवटीला. दुसऱ्या हाताने किटली धरलीय आणि त्या हाताची बोटं किटलीच्या पोटात उमटलीत. किटली घडून झालीय, उजळून झालीय, पण तिच्यावर अजून एक रेघही नाही. सराफकट्ट्यावर असा चेहरा मी शेकडो वेळा बघितलाय: "बोला, नाव घालायचं की नुसती वेल?"

घोडा राहू दे बाजूला, म्हटलं. मला या दुकानाची हकिकत सांग. भाच्याला ती माहीत नव्हती, म्हणून मग पुढचे पंधरा दिवस मीच त्याच्या लॅपटॉपवर आणि गावातल्या वाचनालयात बसले.

सुरुवात बापापासून करायला हवी. बापाचं नाव अपोलोस रिव्हवार. दक्षिण फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या खेड्यातला, प्रॉटेस्टंट घरातला पोरगा. फ्रान्समध्ये त्या पंथाच्या लोकांना धड जगता येत नव्हतं, म्हणून घरच्यांनी त्याला तेराव्या वर्षी जहाजात बसवून बॉस्टनला धाडलं. तिथे तो जॉन कोनी नावाच्या नामांकित सोनाराकडे उमेदवारीला लागला. उमेदवारी म्हणजे काही वर्षांचा लेखी करार. पोरगा मालकाच्या घरी राहणार, पडेल ते काम करणार, बदल्यात हुन्नर शिकणार. १७२२ मध्ये कोनी वारला तेव्हा पोराची मुदत संपायची होती, आणि मालमत्तेच्या यादीत इतर चीजवस्तूंबरोबर त्याच्या उरलेल्या दिवसांचीही किंमत धरली गेली. ती भरून तो मोकळा झाला. मी हजारो तारण-पावत्या लिहिल्या, पण माणसाचे उरलेले दिवस यादीत धरलेले पहिल्यांदाच बघितले.

पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि नाव बदलून पॉल रिव्हिअर केलं. कारण काय, तर इथल्या गावंढळांना ते उच्चारायला सोपं जातं! डेबोरा हिचबॉर्न या बॉस्टनच्याच मुलीशी लग्न केलं. थोरल्या मुलाला स्वतःचं नाव दिलं आणि हातात हातोडी दिली.

१७५४ मध्ये बाप गेला. पोरगा एकोणीस वर्षांचा. हुन्नर पुरा शिकलेला, पण कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत दुकान त्याच्या नावावर होईना. मग दुकान आईच्या नावाने चाललं आणि हातोडी थोरल्याने चालवली, हाताखाली धाकटा भाऊ. आपल्याकडे किती दुकानांच्या पाट्यांवर बाईचं नाव असतं आणि गल्ल्यावर भलताच कुणी! इथे निदान गल्ला, घर आणि पोरं खरोखरच त्या बाईने सांभाळली असणार, असं मला वाटतं. तिच्याविषयी फार कुणी लिहीत नाही.

आता धंद्याकडे येते.

त्या काळच्या बॉस्टनमध्ये चांदी यायची कुठून? आसपास खाण नाही. चांदी यायची ती नाण्यांच्या रूपात. बंदरातून व्यापार चालायचा, त्यातून मेक्सिको आणि पेरूच्या चांदीची स्पॅनिश नाणी हातात पडायची. गिऱ्हाईक नाण्यांची थैली किंवा आजीची चेपलेली भांडी घेऊन दुकानात यायचं. सोनार वजन करायचा, मुशीत आटवायचा आणि नवं काही घडवून द्यायचा. पैसे घ्यायचे ते घडणावळीचे आणि कोरणावळीचे. मोड द्या, नवं न्या. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शहरात तेव्हा बँक नव्हती. नाणी घरात ठेवली आणि चोरी झाली तर ओळखायची कशी? एक नाणं दुसऱ्यासारखंच. पण त्याच नाण्यांचा तुम्ही लोटा करून घेतला, त्यावर घराण्याचं चिन्ह आणि नावाची अक्षरं कोरून घेतली, की ती चांदी तुमची झाली. चोरी झालीच तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, अमुक खुणेची वस्तू कुणी विकायला आणली तर धरून ठेवा म्हणून. आणि जाहिरात वाचणारा कोण, तर सोनारच. म्हणजे कपाटातली ती किटली हे त्या घराचं मुदत-ठेवीचं खातंच. वेळ आली की मोडा.

पण कस कोण ठरवणार? लंडनला सोनारांची श्रेणी होती, तपासणी होती, सरकारी ठसे होते. बॉस्टनला यातलं काही नव्हतं. सोनार स्वतःच्या नावाचा एक ठसा भांड्याच्या बुडाला मारायचा, बस. रिव्हिअरचा ठसा चौकटीतल्या आडनावाचा, जागा लहान असेल तिथे नुसती दोन आद्याक्षरं. हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी हे इंग्लंडचं प्रमाण इथली मंडळी पाळत, पण पाळलंय की नाही हे बघायला साहेब बसलेला नव्हता. नाव हीच हमी.

हे वाचताना मला आईची समई आठवली. वडिलांच्या आजारपणात ती मोडायची वेळ आली. गावातल्याच एका दुकानात नेली, नाव कशाला घेऊ. माणसाने बूड फोडलं, आतली लाख काढून दाखवली, मग झाळ किती, मळ किती, तूट किती, असं करत करत वजनाचा तिसरा हिस्सा उडवला. आई नुसती बघत उभी होती. मी तेव्हा कॉलेजात होते. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण ज्याने केली त्याचीही एखादी समई गेली असणार. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती आपल्याकडे झाली ती २०२१ मध्ये. तोवर आपणही बॉस्टनच्याच पद्धतीने चाललो होतो. उलट, चार प्रामाणिक सोनारांनी माझी वर्षं तारून नेलेलीही मी बघितली आहेत, तेव्हा म्हण सगळी खरी नाही.

रिव्हिअरचं घडकाम कसं चाले ते मला नीट बघायचं होतं. संग्रहालयात त्याचा एक वाडगा आहे, त्याच्याविषयी पुढे सांगते. असा वाडगा ओतून होत नाही. चांदीची लगड ठोकून ठोकून जाड पत्रा करायचा, त्याचा गोल कापायचा. मधोमध कंपासाचं टोक टेकवून एकात एक वर्तुळं आखायची. मग लोखंडी ठोकळ्यावर तिरकं धरून वर्तुळावर वर्तुळ ठोकत जायचं, प्रत्येक ठोक्याला गोल थोडा थोडा फिरवत. कडा हळूहळू वर चढतात. ठोकलेली चांदी ताठर होते, तशीच दामटली तर चिरते. म्हणून दर फेरीनंतर ताव द्यायचा, मंद लाल होईपर्यंत, मग विझवायची. पुन्हा वर्तुळं, पुन्हा ठोके. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने अंगावरच्या सगळ्या खुणा मिटवायच्या. पुण्याचे तांबट तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करतात, तेव्हा ठोक्यांचे चांदणे मुद्दाम ठेवतात. इथे मात्र एकही ठोका दिसता कामा नये, दिसावी ती बघणाऱ्याची बोटं. एकच खूण मागे राहते, बुडाच्या मध्यावरचा कंपासाच्या टोकाचा बारीक टिंब.

त्याच्या हिशेबाच्या दोन वह्या शिल्लक आहेत. १७६१ ते १७९७ एवढा काळ त्यांत येतो, मधल्या लढाईच्या वर्षांची जागा सोडून. आपण जिला कच्ची वही म्हणतो तशा. पक्कं खातं नंतर, आधी आलं तसं खरडायचं. त्यांतून मोजलेल्या चांदीच्या वस्तू पाच हजारांच्या वर जातात. आणि त्यांत बघावं तर वाडगे-किटल्या थोड्याच. चमचे, चमचे आणि चमचे. बुटांची बकलं, बटणं, लहान मुलांच्या शिट्ट्या. एका गिऱ्हाइकाने पाळलेल्या खारीसाठी चांदीची साखळी करून घेतली, तिचीही नोंद आहे! मला या नोंदीचं फार कौतुक वाटलं. साखळी करणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं कोण जाणे, पण कामाला नाही म्हटलं नाही आणि लिहायलाही विसरला नाही.

नाही म्हणणं परवडणारंही नव्हतं. पहिली बायको सेरा, तिला आठ मुलं. १७७३ च्या मे महिन्यात ती गेली, ऑक्टोबरात त्याने रेचल वॉकरशी लग्न केलं, पुढे तिलाही आठ. सोळांपैकी अकरा मोठी झाली. १७६५ च्या मंदीत तर दहा पौंडांच्या देण्यापायी जप्तीची पाळी आली होती, कशीबशी बाहेर मिटवली. माझ्या टेबलावर अशी माणसं रोज यायची. त्यांच्यात दोन जाती असायच्या. एक, जी तोंड लपवायची. दुसरी, जी पुढल्या महिन्यात नवाच कसला तरी धंदा काढून यायची. हा दुसऱ्या जातीचा. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापायला लागला. एका दंतवैद्याकडून दात बसवायची विद्या शिकला आणि १७६८ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की पुढचे दात पडले असतील तर या, असे बसवून देतो की दिसायला खऱ्यासारखे. तारेचं काम, शेवटी सोनाराचंच. आपल्याकडे सोनार कान टोचायचा, तिकडे दात बांधायचा.

या दातांची पुढे एक गोष्ट झाली. डॉक्टर जोसेफ वॉरन हा त्याचा जिवाभावाचा मित्र, इंग्रजांच्या राज्याविरुद्ध उठलेल्या अमेरिकेतल्या बंडवाल्यांचा पुढारी. १७ जून १७७५ ला बंकर हिलच्या लढाईत मारला गेला. इंग्रजांनी त्याला रणावरच खड्ड्यात पुरलं. पुढच्या वसंतात इंग्रज बॉस्टन सोडून गेल्यावर मित्र आणि भाऊ शोधायला गेले. दहा महिने मातीत असलेला देह, ओळखणार कशावरून? रिव्हिअरने जबड्यात बघितलं. त्याने स्वतः तारेने बांधलेला दात तिथे होता. स्वतःच्या हातचं काम सोनाराला कुठेही ओळखू येतं, आमचे काका विसाव्या वर्षी केलेली अंगठी साठाव्या वर्षी ओळखायचे. पण असं ओळखावं लागणं.

आता तो वाडगा. साल पुन्हा १७६८, म्हणजे चित्राचंच. इंग्लंडच्या पार्लमेंटने चहा, कागद, काच यांवर कर बसवलेले. त्याविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या सभागृहाने बाकीच्या वसाहतींना एक पत्र धाडलं. राजाचा हुकूम आला, पत्र मागे घ्या. ९२ सभासदांनी मत दिलं, घेत नाही. त्यांच्या सन्मानासाठी पंधरा जणांनी मिळून रिव्हिअरकडून हा वाडगा करून घेतला. काठाखाली गोल त्या पंधरा जणांची नावं कोरलेली. वजन ४५ औंस, म्हणजे आपल्या शंभर तोळ्यांच्या वर, आणि आत मावतं ४५ गिल पेय, पाच लिटरच्या पुढे. हा पंचेचाळीसचा आकडा योगायोग नाही. लंडनमध्ये जॉन विल्क्स याने आपल्या पत्राच्या ४५ व्या अंकात राजाच्या सरकारवर टीका केली आणि तुरुंगात गेला, त्याची ती आठवण. वजनातच घोषणा घालायची! सोनाराला सुचावी अशीच ही गोष्ट. नक्षीत लिहिलेलं कुणी खरवडून काढेल, वजनातलं कसं काढणार? आटवल्याशिवाय नाही. १९४९ मध्ये संग्रहालयाने तो विकत घेतला, तेव्हा शाळेतल्या पोरांनीही खाऊचे पैसे दिले होते.

त्याच्या सगळ्याच कामाविषयी मला असं प्रेम वाटत नाही. ५ मार्च १७७० ला बॉस्टनच्या रस्त्यावर इंग्रज शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. रिव्हिअरने त्याचं चित्र कोरून, रंगवून घेऊन बाजारात आणलं. शिपाई एका ओळीत उभे राहून हुकमासरशी बार काढताहेत, मागच्या कचेरीवर चक्क 'कसायाचा वाडा' अशा अर्थाची पाटी. प्रत्यक्षात गोंधळ होता, ढकलाढकली होती, ओळबिळ काही नव्हती. पण चित्र घराघरांत गेलं आणि लोकांच्या मनात घटना तशीच घडली. आणि मूळ चित्र त्याचं नव्हतंच. ते हेन्री पेलहॅमचं, म्हणजे कॉपलीच्या सावत्र भावाचं. पेलहॅमने त्या महिनाअखेरीस त्याला पत्र लिहिलं, त्याचा मतलब असा की तू मला भर रस्त्यात लुटावंस तसंच हे झालं. रिव्हिअरचं उत्तर काही उपलब्ध नाही. देशकार्य होतं, घाई होती, सगळं खरं. तरी दुसऱ्याचा माल आपल्या ठशाखाली विकणं याला आमच्या टेबलावर एकच शब्द होता.

गंमत म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाबतीत तो असा कडवा नव्हता. १७७३ मध्ये, चहावरून रान पेटलेलं असताना, त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चांदीची मागणी आली ती डॉक्टर विल्यम पेन याच्याकडून, लग्नासाठी. किटल्या, चमचे, सगळं मिळून पंचेचाळीस नग. पेन राजाच्या बाजूचा. रिव्हिअरने घडवून दिली. हाही आकडा पंचेचाळीसच निघाला, याची त्या दोघांपैकी कुणाला गंमत वाटली असेल का?

त्याच डिसेंबरात बंडवाल्यांनी बॉस्टनच्या बंदरातल्या तीन जहाजांवरचा चहा पाण्यात फेकला. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा, आपली जुनी ओळख. दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या कंपनीचा माल खपावा म्हणून पार्लमेंटने चहाचा कायदा केला होता, आणि बरोबर एका वर्षाने हीच कंपनी ठाण्याच्या किल्ल्यावर तोफा डागत होती. बॉस्टनला तो चहा ज्यांच्याकडे उतरायचा होता त्यांत रिचर्ड क्लार्क हा व्यापारी होता. कॉपलीचा सासरा! चहा बुडवल्याची बातमी घेऊन दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्याला लागला तो रिव्हिअर. म्हणजे ज्याच्या हातात चहाची किटली देऊन जावयाने चित्र काढलं, त्यानेच सासऱ्याचा चहा बुडाल्याची वर्दी पोचवली. कॉपली पुढल्याच वर्षी इंग्लंडला गेला तो परतला नाही.

घोड्याच्या रात्रीविषयी थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. १८ एप्रिल १७७५. इंग्रज शिपाई कॉनकॉर्ड गावातला बंडवाल्यांचा दारूगोळा जप्त करायला निघणार, अशी खबर. नदीपलीकडच्यांना खूण म्हणून चर्चच्या मनोऱ्यात दोन कंदील लावायची व्यवस्था झाली. त्याच चर्चमध्ये रिव्हिअर पोरवयात मित्रांबरोबर घंटा वाजवायला होता, त्याचा मुलांनी केलेला करारनामाही जपलेला आहे. मग नावेतून नदीपार, तिथे लार्किन नावाच्या माणसाचा मागून घेतलेला घोडा, लेक्सिंग्टनला जाऊन पुढाऱ्यांना सावध करणं. पुढे कॉनकॉर्डच्या वाटेवर तो पकडला गेला. कॉनकॉर्डला पोचला तो दुसराच एक जण, डॉक्टर प्रेस्कॉट. रिव्हिअरला सोडलं, घोडा ठेवून घेतला. चालत परत लेक्सिंग्टनला आला आणि पुढाऱ्यांची कागदपत्रांची पेटी उचलून नेत असताना मागे पहिले बार वाजले. १८६१ च्या जानेवारीत लाँगफेलो या अमेरिकन कवीची या दौडीवरची कविता छापून आली, तेव्हापासून तो घोड्यावरून उतरलेला नाही. तोवर त्याला जाऊन त्रेचाळीस वर्षं होत आली होती.

लढाईत त्याची शोभा काही झाली नाही. १७७९ च्या पेनॉब्स्कॉट मोहिमेत बंडवाल्यांचं पुरतं पानिपत झालं, त्याच्यावर हुकूम न पाळल्याचे आरोप झाले. स्वतःच पाठपुरावा करून त्याने चौकशी लावून घेतली आणि १७८२ मध्ये निर्दोष सुटला.

मला त्याची पुढची पस्तीस वर्षं जास्त आवडतात. १७८५ च्या सुमाराला त्याने पत्रा लाटायचं यंत्र घेतलं. आता लगड ठोकत बसायचं कारण नाही. पत्रा रुळांतून काढायचा, वळवायचा, सांधा झाळायचा, किटली तयार. पन्हाळीसारख्या उभ्या घड्यांच्या त्याच्या प्रसिद्ध किटल्या याच काळातल्या. नजर घारीची हवी तेव्हा सांधा सापडतो. बुडाचा तो कंपासाचा टिंब मात्र गेला. लढाईआधीच्या किटल्या मला अधिक देखण्या वाटतात, पण हिशेबाच्या बाजूने बघितलं तर यंत्राशिवाय पाच हजारांचा आकडा गाठला जात नाही, हेही दिसतं.

मग भट्टी घातली. लोखंड, पितळ, तोफा. १७९२ मध्ये गावच्या चर्चची घंटा चिरली. इंग्लंडहून नवी कशाला, मी ओततो, म्हणाला. घंटा कधी ओतलेली नव्हती. पहिली घंटा वाजली तेव्हा सेलमच्या एका पाद्र्याने वहीत लिहून ठेवलं की आवाज कर्कश आहे. तो ओतत राहिला. १८१६ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, किंग्ज चॅपलसाठी सुमारे ११०० किलोची घंटा दिली. ती अजून तिथे आहे. भाच्याबरोबर त्या रस्त्यावरून जाताना ऐकायला मिळेल म्हणून मी अर्धा तास थांबले, तेवढ्यात पाऊस आला.

आणि पासष्टी उलटल्यावर, ज्या वयात आम्ही हयातीचे दाखले देतो, त्या वयात त्याने तांब्यात उडी घेतली. जहाजांच्या तळाला किडा लागू नये म्हणून तांब्याचे पत्रे मारत, ते इंग्लंडहून यायचे. बॉस्टनजवळच्या कॅन्टन गावी नदीकाठी जागा घेऊन त्याने पत्र्याची गिरणी काढली. स्वतःचे २५,००० डॉलर घातले, वर सरकारकडून १०,००० डॉलरचं कर्ज. माझ्यापुढे हे प्रकरण आलं असतं तर वय बघूनच मी नामंजूर केलं असतं. १८०२ मध्ये बॉस्टनच्या राज्य सभागृहाच्या घुमटावर त्याचे पत्रे चढले, पुढल्या वर्षी कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेच्या तळाला. आज त्या घुमटावर सोन्याचा वर्ख आहे आणि पर्यटक त्याचेच फोटो काढतात.

आपल्याकडे सोनाराचा मुलगा सोनार, ओताऱ्याचा ओतारी, तांबटाचा तांबट. एका आळीतून दुसऱ्या आळीत जायला पिढ्या लागल्या, कित्येकदा तेवढ्याही पुरल्या नाहीत. हा गडी एका जन्मात तिन्ही आळ्या फिरून आला.

१८१३ मध्ये मुलाने त्याचं आणखी एक चित्र काढून घेतलं, गिल्बर्ट स्ट्युअर्टकडून. तेही त्याच संग्रहालयात आहे. पांढऱ्या केसांचा, काळ्या कोटातला भरदार म्हातारा. गिरणीमालक. मी खूप वेळ शोधलं, त्या चित्रात हात दाखवलेले नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री भाच्याने एक कागद पडद्यावर काढून दाखवला. १७७५ सालचं बिल, रिव्हिअरने वसाहतीच्या नव्या सरकारकडे लावलेलं. बंडवाल्यांच्या समितीसाठी घोड्यावरून निरोप पोचवले त्याचे दिवस १७, दर दिवसाला पाच शिलिंग. घोड्यांचा चारापाण्याचा खर्च वेगळा. छापून दिलेल्या कागदांचे वेगळे. सरकारने तपासून दर पाचावरून चारावर आणलाय. बिलात कात्री लावणारा तो कारकून मला अगदी शेजारच्या टेबलावरचा वाटला.

"देशासाठी गेला आणि बिल लावलं?" भाचा थोडा खट्टू झाला होता.

"दुकान बंद होतं ना त्याचं," म्हटलं, "घरात पोरं होती." आणि सवयीने तारखा ताडून बघितल्या. बिल २१ एप्रिलपासून ७ मेपर्यंतचं. १८ तारीख त्यात नाही.

"विसरला असेल," भाचा म्हणाला.

मी काही बोलले नाही. खारीच्या साखळीची नोंद ठेवणारा माणूस होता तो.